बारा माणसांच्या टेबलासाठी इंदूर

इंदूरहून आत्याचा फोन आला. "आता छोट्या फ्लॅटमध्ये जाते. हवं ते सामान घेऊन जा, बेटा." मी लगेच टेप काढून हॉल मोजला. आजोबांचं सागवानी टेबल, बारा माणसं बसतील एवढं! लहानपणापासून माझा त्यावर डोळा होता. सोफा बाल्कनीत ढकलला, परतीचा टेम्पो ठरवला आणि बायकोसह नगरहून सकाळीच निघालो.

मनमाड, धुळे, सेंधवा असा रस्ता. घाटात ट्रक फार, ओव्हरटेकचा मोह आवरा. खलघाटला नर्मदा ओलांडल्यावर चहा घ्या. संध्याकाळी इंदूरच्या तुकोगंजात आत्याकडे पोचलो.

आत्याच्या खोलीत फरशीवर टेबलाच्या पायांचे चार डाग तेवढे होते.

"टेबल कुठंय?"

"दिलं की. आमच्या चर्चची रोझी, मल्हारगंजात डबे बनवते ना, तिला."

"मला विचारायचं तरी."

"तू तर कधी बोललाच नाहीस."

खरंच बोललो नव्हतो. तरी रात्रीचं जेवण तोंड फुगवूनच जेवलो. बायको हसू दाबत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पोहे-जिलेबी (दोघांचं शंभरात भागतं, वर जीरावन मसाला मागून घ्या), मग आत्याबरोबर चर्च, मग मल्हारगंजात रोझीकडे जेवायला. गाडी लांबच लावा, गल्ल्यांत रिक्षाही कशीबशी शिरते. रोझीच्या खोलीत टेबल सोडून दुसरं काही मावतच नव्हतं. डबे भरणाऱ्या बाया, त्यांची पोरं, शेजारचे काका, सगळे दाटीवाटीनं बसलेले.

"भिया, इकडे या. ही जागा तुमच्यासाठीच ठेवली," रोझी म्हणाली.

आत्यानं प्रार्थना केली. माझं तोंड अजून उतरलेलंच होतं. हळूच विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"अरे, घरी त्यावर माझी एकच थाळी असायची. बाकी टेबलभर पेपर आणि गोळ्या. येशू लोकांकडे जेवायला जायचा, फर्निचर बघायला नाही. आता हर इतवारला मी इथे सगळ्यांबरोबर जेवते. टेबल तर मला आत्ता मिळालं."

एवढी खूश आत्या मी कधी पाहिली नव्हती. मला माझीच लाज वाटली, आणि मग भूकही लागली. रोझीच्या रश्श्यावर तीनदा ताव मारला.

टेम्पो रद्द केला, अ‍ॅडव्हान्स बुडाला. घरी आलो तर हॉल मोकळाच. पुढच्या रविवारी त्या मोजलेल्या जागेत सतरंजी अंथरली आणि खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा आणि वॉचमनचं कुटुंब यांना जेवायला बोलावलं. इतकी वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहून पहिल्यांदाच. नऊ जण झालो. सगळ्यांना पुरेसा व्हावा म्हणून बायकोनं रस्सा दोनदा वाढवला.

सोफा अजून बाल्कनीतच आहे.