कॅमेऱ्याचं कपाळ

शिकारीचा परवाना मिळून दोन वर्षं झाली होती, तरी माझ्या वाट्याला येत होती ती फक्त कामं. मचाणाच्या सडलेल्या फळ्या बदलायच्या, हिवाळ्यात काट्याकुट्यांतून हाकारे घालत चालायचं, पेख्टरांच्या कुत्रीचा पट्टा धरून उभं राहायचं. पेख्टर म्हणजे गावच्या जंगलातला शिकारीचा हक्क ज्यांनी भाड्यानं घेतलेला असतो ते गृहस्थ. आमचे सत्तरी उलटलेले होते आणि तीन शब्दांत भागत असेल तर चौथा शब्द काढत नसत. त्यांच्या सहीचा एक कागद असतो, बेगेउंग्सशाइन. तो हातात आला की त्या जंगलात कुणाचं बोट न धरता शिकारीला जाता येतं. मला तो कागद हवा होता. एवढं कशाचं वेड मला लग्नाआधीही लागलं नव्हतं.

मी मूळची कोल्हापूरची. जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला एका कंपनीत उपकरणांच्या चाचण्या घेते. शिकारीच्या परीक्षेला बसले तेही हट्टानं. ऑफिसातला एक सहकारी सहज म्हणाला होता की जर्मन मातृभाषा नसलेल्यांना ती जड जाते. झालं. आठ महिने मी झाडं, रोग, कायदे आणि कुत्र्यांच्या जाती पाठ केल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाले. त्या सहकाऱ्याला मी केक खिलवला, तोही मोठा तुकडा.

मार्चच्या शेवटी गावच्या खानावळीत सगळे शिकारी जमले होते. विषय निघाला तो वरच्या कुरणातल्या म्हाताऱ्या बॉकचा. बॉक म्हणजे इथल्या छोट्या हरणांतला नर. ह्याचं उजवं शिंग नीट फाटे फुटलेलं, डावं म्हणजे अंगठ्याएवढा खुंट, आणि एक कान फाटका. गेल्या पानगळीपासून तो कुणालाच दिसला नव्हता. टेबलावरच्या बहुतेकांनी त्याला बोलण्यातच गाडीखाली मारून टाकलं होतं. पेख्टर म्हणाले, "जिवंत आहे." मग माझ्याकडे वळले. "तर मग. तू इंजिनियर. कॅमेरा लाव. मे लागायच्या आत मला तो दाखव. बॉक तुझा, शाइन पण तुझा."

"आणि नाही दिसला तर?" कुणीतरी हसत विचारलं.

"दान निष्ट," पेख्टर म्हणाले. नाही तर नाही.

मे महिन्यात बॉकच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हातात पाच आठवडे होते.

माझ्या नवऱ्यानं त्याच संध्याकाळी एक्सेल उघडलं. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आणि पक्का शाकाहारी. पण तुलना करायची म्हटलं की त्याला कशाचंच वावडं नाही. त्यानं बावीस कॅमेरे मांडले आणि मेगापिक्सेलप्रमाणे क्रम लावला. मी तो रकानाच पुसून टाकला. ह्या कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल म्हणजे फुगलेला पापड, मोडला की कळतं किती आहे ते. मला वेगळं हवं होतं. हरीण समोर आल्यावर कॅमेरा किती लवकर जागा होतो? रात्री फोटो काढताना त्याचे दिवे लाल चमकतात की पूर्ण काळे राहतात? शटरची टिकटिक ऐकू येते का? म्हातारा बॉक एकदा लाल ठिपका पाहून बिचकला की त्या वाटेला पुन्हा फिरकायचा नाही. मोबाइलवर फोटो पाठवणारे कॅमेरे मी आधीच काढून टाकले, कारण वरच्या कुरणात नेटवर्क नावाला नाही.

शेवटी तीन मागवले आणि इमारतीच्या तळघरातल्या लांब बोळात परीक्षा घेतली. हरीण म्हणून नवरा. ट्रॅकपँट घालून तो बोळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रांगत गेला, कधी हळू, कधी भरभर, आणि मी नोंदी घेतल्या. पहिल्या कॅमेऱ्यात रिकामा बोळ आला, दुसऱ्यात नवऱ्याची फक्त पाठ. तिसऱ्यात तो चष्म्यासकट पूर्ण आला, आणि अंधारात दिवा कुठे लागला हेही कळलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई धुण्याची बादली घेऊन आल्या. त्यांनी रांगणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आलेस गुट?" त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना.

"हो, हो. तो हरीण आहे," मी सांगितलं.

त्यांनी मान डोलावली आणि यंत्रात कपडे टाकले. तिसरा कॅमेरा मी ठेवून घेतला, बाकीचे दोन परत पाठवले.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांना मी अहो आई म्हणते. पुण्यातल्या शाळेत जन्मभर शिकवलेल्या, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असलेल्या. माझ्या बंदुकीच्या कपाटाकडे त्या पाठ करूनच बसत. पण कॅमेरा पाहिल्यावर त्यांनी तो हातात घेऊन नीट उलटसुलट केला.

"मारायचं काय ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "पण नवी वस्तू घरातून अशीच बाहेर जाऊ द्यायची नाही."

कॅमेरा रात्रभर देवापुढे राहिला. पहाटे उठून मी तो अर्धवट उजेडात पिशवीत टाकला, कुरणाच्या कडेला, फिरायला येणाऱ्यांच्या वाटेपासून लांब, एका बीचच्या झाडाच्या बुंध्याला बांधला आणि ऑफिसला गेले. मनात मांडे खात.

दोन आठवड्यांनी कार्ड काढलं. एकूण चार फोटो, आणि चारही माझे. दोन बांधतानाचे, दोन सोडतानाचे. नाकपुड्या इतक्या मोठ्या दिसत होत्या की मीच दचकले. कुरणात ताज्या खुरांचे ठसे होते, झुडपांची साल घासलेली होती, म्हणजे कुणीतरी येत होतं, जात होतं, आणि माझा निवडून निवडून घेतलेला कॅमेरा झोपा काढत होता.

पेख्टरांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "टेख्निक." यंत्रांचं असंच, एवढंच. पण त्या शुक्रवारी खानावळीत कुणीतरी मला विचारलं की भारतात हरणं फोटोला पैसे मागतात का. सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दार जरा जोरातच लावलं. मला खूप राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत पाठवायचा म्हणून खोकं काढलं. पण चूक काय ते न लिहिता वस्तू परत करणं माझ्या स्वभावात नाही. नवऱ्याला पुन्हा तळघरात नेलं. तो बिचारा पुन्हा रांगला. तीन फेऱ्या झाल्या, कॅमेरा ढिम्म. मग मी त्याला सांगितलं, अगदी जवळून जा. नाक टेकेल एवढा जवळ गेला तेव्हा कुठे फोटो निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आज फक्त "वीडर रेह?" म्हणाल्या, पुन्हा हरीण का, आणि पुढे गेल्या.

मी कॅमेरा दिव्याखाली धरला. त्याच्या अंगावर जंगलात मिसळून जायला तपकिरी-पिवळे पट्टे आहेत. भिंगाच्या वर, बोटभर अंतरावर, दुधट प्लॅस्टिकचा एक फुगीर चौकोन असतो. हरणाच्या अंगाची ऊब कॅमेऱ्याला कळते ती तिथूनच. तोच त्याला जागं करतो. माझ्या कॅमेऱ्याचा तो चौकोन दुधट नव्हता. पट्ट्यांत पट्टा मिसळावा तसा तो हळदीनं माखलेला होता, वर बोटभर कुंकू आणि मधोमध सुकून घट्ट चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

अहो आई जिन्यातून उतरून मागे येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"काचेला नाही गं लावलं," त्या म्हणाल्या. "तो त्याचा डोळा, म्हटलं डोळ्यात जाईल. म्हणून कपाळाला लावलं."

चाचणी होऊन पास झालेल्या वस्तूला नंतर कुणाचा हात लागला तर चाचणी पुन्हा घ्यायची, हे मी ऑफिसात रोज लोकांना ऐकवते. स्वतः मात्र देवापुढून उचलून सरळ जंगलात गेले होते. आणि अहो आईंनी डोळा वाचवायचा एवढा विचार केला होता. मला एकदम हसू फुटलं, मग नवऱ्याला, आणि शेवटी अहो आईंनाही. त्यांनीच पदर ओला करून दाणा सोडवला, चौकोन पुसला आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "हं, रांग आता." बोळाच्या त्या टोकाला तो हलला नाही तोच फोटो निघाला.

एप्रिलचे अकरा दिवस उरले होते. कॅमेरा पुन्हा त्याच बीचला बांधला. नवव्या दिवशी कार्ड आणलं आणि स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला. माद्या, एक कोल्हा, रानडुकरांचं लटांबर, पुन्हा माद्या. आणि मग तो. पहाटेच्या राखाडी उजेडात, मान खाली घालून, एखादा निवृत्त हेडमास्तर शाळेच्या आवारात शिरावा तसा. उजवं शिंग, डावा खुंट, फाटका कान. तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी सहाच्या आसपास. मी इतक्या जोरात ओरडले की अहो आईंच्या हातून पळी पडली.

पेख्टरांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग टोपी काढली आणि पडद्याला म्हणाले, "मोर्गन, आल्टर." सुप्रभात म्हाताऱ्या, असं जुन्या दोस्ताला म्हणावं तसं. नंतर मला विचारलं, कॅमेऱ्याला काय झालं होतं?

"सेन्सर झाकला गेला होता."

"कशानं?"

"सासूबाईंच्या आशीर्वादानं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्या माणसाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी मचाणावर होते. सहा वाजून गेले आणि तो कडेच्या झुडपांतून बाहेर आला, कॅमेऱ्यानं सांगितलं होतं त्याच जागी. आडवा उभा राहीपर्यंत मी थांबले. मग चाप ओढला. तो जागच्या जागी पडला. खाली उतरून मी त्याच्या मानेवर तळवा ठेवला. वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छाती अभिमानानं भरून आली. दोन्ही खरं होतं. पेख्टर आले. इथल्या रीतीप्रमाणे त्यांनी एक डहाळी त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी त्याच्या रक्ताला लावून आपल्या टोपीवर ठेवून माझ्यापुढे धरली. "वाइडमान्सहाइल," ते म्हणाले, शिकारी एकमेकांचं अभिनंदन करतात तो शब्द. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. सही आधीच केलेली होती. तारीख मी फोटो दाखवला त्या दिवशीची होती.

घरी बेल वाजवली तर आतून आवाज आला, "दारातच थांब." दार उघडलं तेव्हा अहो आई ताम्हन घेऊन उभ्या होत्या. निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं. जिंकून आलेल्या माणसाला ओवाळतात तसं. माझ्या टोपीतल्या डहाळीवरचा काळपट डाग त्यांना दिसला.

"ते मटण तू गॅलरीतल्या शेगडीवर कर," त्या म्हणाल्या. "माझ्या पातेल्यांना हात लावायचा नाही." मग कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या तोंडासमोर आणून थांबवलं. "हे कपाळच आहे ना? नक्की बघून सांग."

"कपाळच आहे, अहो आई."

त्यांनी लावलं, चांगलं ठसठशीत, आणि ओवाळलं. मी खिशातून कागद काढून दाखवला.

"ह्याला पण लावू का?"

"लावा," मी म्हटलं. "फक्त सहीवर नको."

त्यांनी चष्मा लावून सही कुठे आहे ते आधी पाहिलं आणि मग कोपऱ्यात एक ठिपका दिला. कागद अजून माझ्या जाकिटाच्या खिशात असतो, आणि तो ठिपका अजून गेलेला नाही.