बॉनेट लावून लिहिलेले पाढे

नखाहून जरा मोठी, काळी कुळकुळीत आणि दोन्ही बाजूंना पायच पाय. नातीच्या टेबलावर ती वस्तू मी पहिल्यांदा पाहिली आणि सरळ पायातली चप्पल हातात घेतली.

“आजोबा! मारू नका! गाडीचं डोकं आहे ते!”

चप्पल हवेतच राहिली. आता तुम्हीच सांगा, एवढे पाय असलेली वस्तू बघून कुणीही गोमच समजेल की नाही? तेव्हापासून घरात मी चप्पल शोधायला लागलो की सून विचारते, “का हो मामंजी, चिप दिसली वाटतं?” हसू देत. अशा घरात माणूस म्हातारा होत नाही.

नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण लहानपणापासून ती एका जागी टेकलेली कुणी पाहिली नाही. हीच भिंगरी लॅपटॉपसमोर बसली की मात्र दगड होते. शेजारचा चहा गार होतो, त्यावर साय धरते, हिला पत्ता नसतो. अंबाड्यात कायम टेस्टर खोचलेला. एका लग्नाला तशीच गेली, तर दोन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा दागिना कुठल्या दुकानातला?

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ती काम शिकली. पुढे लोकांना टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं परवडायला लागलं, दुकान बंद पडलं, आणि ती थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये आली. हा माझा थोरला नातू. त्याला सगळे ‘मालक’ म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. त्यानं गॅरेजच्या मागची एक खोली हिला दिली. तिथं ही लोकांच्या गाड्यांच्या चिपा काढायची, आतले आकडे बदलायची आणि परत बसवायची.

आकडे कसले, ते तिनं मला समजावलं होतं. इंजिन किती जोरात फिरतंय, त्याच्यावर भार किती आहे, हे बघून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, ते चिपमध्ये लिहिलेलं असतं. तिनं पडद्यावर उघडून दाखवलं. चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक आकडा.

“अगं, हे तर पाढे!” मी ओरडलोच. आमच्या गावच्या शाळेत भिंतीवर अस्साच तक्ता होता आणि मास्तर त्यावर छडी टेकवत फिरायचे.

“पाढेच म्हणा. फरक एवढाच, तुमचं चुकलं की छडी बसायची, माझं चुकलं की पिस्टन वितळतो.”

तर हिची स्वतःची एक गाडी होती. भंगारातून आणलेली छोटी लाल गाडी. तिला हिनं इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला होता, पेट्रोल जास्त सोडणारे इंजेक्टर घातले होते, आणि सायलेन्सर असा की ती सुरू झाली की गल्लीतली मांजरं गच्चीवर जायची. ही गाडी घाटाच्या शर्यतीत उतरवायची, असं हिच्या मनात फार दिवस होतं. मालकांनी ते ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“भिंगरे, गिऱ्हाईक मला विचारतं, तुमच्या बहिणीनं गाडीचे आकडे बदलले तर गाडी टिकेल कशावरून? मी काय सांगू? रविवारी तुझी गाडी घाट धड चढली, तर खोली तुझी. मध्येच बसली, तर सोमवारी या खोलीत मी टायर रचणार. उन्हात तडकतायत बिचारे.”

“टायरांची एवढी माया आहे तर त्यांना घरी घेऊन जा ना दादा. वहिनी अंथरूण घालेल.”

बोलली खरी, पण मालक निघून गेल्यावर तिनं खोलीभर एकदा नजर फिरवली. ती मी पाहिली.

प्रश्न होता चिप कोणती. मालकांनी एक तयार चिप मागवली होती. छान खोक्यात, वर चकचकीत कागद. “इतक्या लोकांनी लावली आहे, तूच काय ती शहाणी?” हिनं निमूटपणे बसवली. गाडी सुरू झाली, मागून काळा धूर निघाला, आणि वेग वाढवायला गेलं की गाडी अशी गुदमरायची, की मीच घसा खाकरला. हिनं चिप काढून खोक्यात ठेवली.

“दादा, ही चिप चांगलीच आहे. पण कंपनीतून आली तशीच्या तशी असलेल्या गाडीसाठी. आपल्या गाडीत तसं राहिलंय काय?”

“म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसल्यासारखं,” मी म्हटलं.

“बघ, आजोबांना कळलं!”

मालक माझ्याकडे असं बघायला लागले, की मी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला.

मग हिनं कोरी चिप घेतली आणि स्वतःचे पाढे लिहायला बसली. गाडी रोलरवर चढवली, म्हणजे चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही. बॉनेट उघडं, समोर माझ्या उंचीचा पंखा घोंगावतोय, आणि ही अॅक्सिलरेटर दाबत पडद्याकडे बघतेय. “बोल बाई, काय दुखतंय?” असं गाडीला विचारते, दोन-चार चौकटी बदलते, पुन्हा दाबते. आणि काय सांगू, दर वेळी आवाज भरत गेला! शेवटी तर भिंतीवर टांगलेले पाने थरथरायला लागले आणि पोटात गुदगुल्या झाल्या. मालकसुद्धा दारात येऊन उभे राहिले. तोंडानं म्हणाले, “बरी आहे,” पण पायानं ताल धरला होता.

शनिवारी दुपारी रस्त्यावरची चाचणी. मांडीवर लॅपटॉप धरायला कुणीतरी हवं होतं, तो मान माझा. गावाबाहेरच्या चढाला लागलो आणि हिनं पाय दाबला. मी पाठीनं सीटमध्ये रुतलो! झाडं मागे पळाली, टोपी मागच्या काचेवर जाऊन आपटली, आणि मी या वयात “अजून! अजून!” म्हणून ओरडत होतो.

इतक्यात बारीक आवाज आला. कटकट, कटकट. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

भिंगरीनं पाय सैल केला. आवाज थांबला. पुन्हा दाबला. कटकट.

“आजोबा, तुमची कवळी वाजतेय का?”

“भीतीनं वाजायला मी काय...”

“काढा बघू.”

काढली. खिशात ठेवली. हिनं पाय दाबला. कटकट चालूच.

गाडी कडेला लागली. नातीचा चेहरा उतरला होता. इंजिनातलं पेट्रोल वेळेआधीच भडकलं की असा आवाज येतो, आणि तसंच दामटलं की पिस्टन गेला म्हणून समजा. “पण गॅरेजमध्ये एकदाही वाजली नाही हो. तेच आकडे, तेच पेट्रोल...” ती उतरली आणि सवयीनं बॉनेटला हात लावला. चटका बसून हात मागे घेतला आणि तशीच उभी राहिली.

“आजोबा! बॉनेट!”

मी कवळीवाचून काहीतरी फुसफुसलो.

“गॅरेजमध्ये बॉनेट कायम उघडं! समोर एवढा मोठा पंखा! मी सगळे पाढे गार हवेत लिहिले. रस्त्यावर बॉनेट लावलेलं असतं, इंजिन आपलीच तापलेली हवा ओढतंय!” आणि डोक्याला हात लावून हसायलाच लागली. “इतकी वर्षं आम्ही सगळे बॉनेट उघडं ठेवूनच काम करतो. कुणाला सुचलंच नाही!”

गॅरेजमध्ये परतलो. बॉनेट लावलं, मोठा पंखा बंद केला, गाडी पुन्हा रोलरवर. हवा ओढणारा पाइप तिनं पुढच्या जाळीमागे नेला, भार जास्त असेल तिथे ठिणगी जरा उशिरा पाडली, पेट्रोल किंचित वाढवलं. मालक पडद्याकडे बघून कळवळले.

“अगं, पण जोर कमी झाला! काल किती छान आकडा आला होता!”

“तो आकडा भिंतीला लावून ठेव, दादा. घाट या आकड्यावर चढायचा आहे.”

रविवारी मी घाटमाथ्यावर दोरीच्या मागे उभा होतो. कवळी घट्ट बसवून. खालून एकेक गाडी येत होती, नुसता धुरळा आणि आरडाओरडा. एक निळी गाडी वळणावरच वाफ सोडत थांबली, तेव्हा मी दोरी दोन्ही हातांनी धरली. मग तो आवाज आला. मांजरं पळवणारा! लाल ठिपका वळणामागून निघाला, लपला, पुन्हा निघाला. मी कान टवकारले. कटकट नाही. भरलेला, सलग, एका दमाचा आवाज, आणि सूंऽऽ करून माझ्या समोरून गेला. शेजारच्या अनोळखी माणसाला मी मिठी मारली. त्यानंही मारली, कारण काय कुणास ठाऊक.

पहिली आली नाही हो ती. मधेच कुठेतरी आली. बक्षीस नाही, काही नाही. पण खाली उतरून आली तरी इंजिन घड्याळासारखं चालू होतं, आणि मालक आयोजकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले होते, “आमच्या बहिणीनं लिहिलेली चिप आहे!”

सोमवारी सकाळी मी गॅरेजवर गेलो. टायर बाहेरच होते, वर नवी ताडपत्री. मी त्यांच्यावरच बसलो. मालक एका गिऱ्हाइकाला घेऊन मागच्या खोलीकडे आले आणि, देवाशपथ सांगतो, दारावर टकटक केली. स्वतःच्या गॅरेजमध्ये!

“भिंगरे, वेळ आहे का? यांच्या गाडीचे पाढे बघायचे होते.” आणि गाडीकडे वळून बॉनेट उघडायला वाकले.

“दादा!” आतून आवाज आला. “बॉनेट लाव आधी.”