आजच उतरलेलं कबुतर

आमच्या बोईसरच्या गच्चीवर आता कबुतरांपेक्षा किस्सेच जास्त आहेत. कबुतरबाज चहाला जमले, की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. हे गेले, त्यांची कबुतरांची ढाबळ मी सांभाळायला घेतली, तेव्हापासून माझेही साठलेत.

*

कबुतरबाजांचा कायदा एकच. ज्याच्या गच्चीवर उतरलं, त्याचं! ह्यांची लाडकी पांढरी मादी सहा वर्षांपूर्वी उडाली ती परतलीच नाही. ह्यांचा संशय शिरगावच्या दामूभाऊंवर.

"आईशप्पत, माज्याकडं नाय!" दामूभाऊ म्हणाले. दोघांचं बोलणं बंद झालं, ते कायमचं.

*

उन्हाळ्यात एक अनोळखी कबुतर आमच्या ढाबळीत उतरलं. कंपनीत शिफ्ट करणारे शेजारचे यादवजी खूश. "भाभीजी, मुफ्त का माल!"

आठवड्यात त्याने मान टाकली. घशात पिवळा थर. मग तोच थर आमच्या कबुतरांच्या घशात दिसू लागला.

*

यादवजींनी एकाच्या घशातला थर काडीने खरवडला. रक्त आलं, कबुतर हातातच गेलं.

"लेकिन सफाई पूरी हुई थी, भाभीजी!"

*

पालघरचे डॉक्टर म्हणाले, "सूक्ष्म परजीवी आहे. एकत्र प्यायच्या पाण्यातून पसरतो. औषध सगळ्यांना द्या, धडधाकट दिसतात त्यांनाही. पाण्याचं भांडं रोज ओतून, घासून, वाळवता ना?"

"वरून भरते."

"जुनं पाणी ओततच नाही?"

तळातलं ते पाणी ह्यांनी जाण्याआधी भरलेलं होतं.

"विसरते," मी म्हणाले. शाळेत विज्ञान शिकवते, हे सांगितलं नाही.

*

औषधाचा कोर्स संपला तेव्हा ढाबळीत एकच नर उरला होता.

यादवजी म्हणाले, "चलो, दवा ने असर तो किया!"

*

गेल्या महिन्यात दामूभाऊ दारात उभे. हातात करंडी. आत पांढरी मादी, पायात ह्यांनी घातलेली निळी रिंग.

"वहिनी, आजच उतरलं बगा माज्या गच्चीवर!"

मी करंडी घेतली. नवं पाखरू आधी वेगळं ठेवायचं, त्याचं पाणी वेगळं, एवढं आता शिकले होते. तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. संध्याकाळी पाणी बदलायला दार उघडलं, तर हाताखालून निसटली आणि थेट शिरगावच्या दिशेने!

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दामूभाऊ. हातात करंडी.

"वहिनी, आजच उतरलं!"