खाचेतला ठिपका

दुष्काळ सरल्यावर मी सोलापुरातल्या एका तांत्रिक शाळेत फिटरचं काम शिकायला लागलो. वर्गात सतत मारामाऱ्या व्हायच्या. हातात कानस नाहीतर हातोडी असायचीच, त्यामुळे हत्यार शोधावं लागत नसे. प्राचार्यांचा उपाय एकच, नाव काढून टाकणं.

आमच्या सरांनी दुसरा उपाय काढला. जे दोघे भांडतील त्यांनी मिळून एक जॉब करायचा. एकानं लोखंडात खाच कापायची, दुसऱ्यानं तिच्यात बसणारा खुंट. दोन्ही असे जुळले पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये. मार्क दोघांना सारखेच. पोरं याला 'लग्न लावणं' म्हणायची. पण दोन-तीन जोड्या खरंच निवळल्या.

माझं लग्न वैरागच्या एका पोराशी लागलं. आईनं पहाटे उठून भरलेल्या माझ्या डब्यात, शेंगाचटणीत, त्यानं लोखंडाचा जाडा, खडबडीत कीस मिसळला होता. माझा दात तुटला. रक्त बघून तो म्हणाला, "काय रं, दात लई नाजूक हायती की तुजे!" सगळे हसले. मी कानस उगारली, सरांनी हात धरला.

पुण्याहून साहेब पाहणीला येणार होते. प्राचार्यांनी सरांना बजावलं, "त्यांच्यासमोर हे जमलं तर चालू ठेवा, नाहीतर बंद."

तो मन लावून घासत होता. एकदा मला पाणीही आणून दिलं. मी प्यालो. पाहणीच्या सकाळी तो हात धुवायला गेला, तेव्हा मी त्याच्या खाचेच्या आतल्या बाजूला सेंटर पंच, खुणा करायची टोकदार छिन्नी, तिरका धरून हातोडीनं एक ठिपका मारला. ठिपक्याभोवती लोखंड केसभर फुगतं. तेवढं पुरतं.

साहेबांसमोर जॉब अडकला.

"मास्तर, लग्न मोडलं की तुमचं," प्राचार्य हसले.

"ह्यानंच केलंय काय तरी!" म्हणत त्या पोरानं सगळ्यांदेखत माझ्या कानफटात मारली. मला तेच हवं होतं. दुपारी त्याचं नाव निघालं. सरांची रीत बंद झाली, त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

जॉब अडकला तेव्हाच सरांनी खाचेतून अंगठा फिरवला होता. तो ठिपक्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा खिशात टाकला. बोलले असते तर माझंही नाव गेलं असतं.

पुढे सगळे म्हणत राहिले, वैरागच्या पोरानं जॉब बिघडवला, सरांनी उगाच लाड केले. खोटं आहे. जॉब चोख होता, सरांची रीतही चोख होती. ठिपका माझा. सर असते तर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

त्या पोराची माफी मात्र मी मागणार नाही. तुटका दात अजून जिभेला लागतो, आणि ती कानफटात खाल्ल्याचं समाधान अजून गेलेलं नाही.