आधी शेजार दाखवणारा

बदली झाली म्हणून ओतूरचं घर महिन्याभरात विकायचं होतं. तीन एजंट आले. दोघांनी घराची भरमसाट स्तुती केली. तिसरा, दर वाक्याला टोपी सारखी करणारा, आत शिरलाच नाही. अंगणातूनच म्हणाला, "शेजारी कोन हाय, राव?"

"काकू. पण सहा महिने आमचं बोलणं नाही."

"घेनारा गुपचूप त्यान्लाच इचारनार. त्यापरीस आपनच जाऊ."

मी घराण्यातला पहिला पदवीधर, पण हे मला सुचलं नव्हतं. काम त्यालाच दिलं.

पहिलंच गिऱ्हाईक, खोडदचं जोडपं, त्यानं थेट काकूंच्या ओसरीवर नेऊन बसवलं. मलाही ओढत नेलं.

"मानूस लई भांडखोर," काकू माझ्यासमोरच म्हणाल्या. "पन आमचं म्हातारं जिन्यावरनं पडलं तवा गाडी यानंच काढली. घर चांगलं हाय, घ्या."

जोडपं हसलं. "शेजार पसंत हाय. आता घर दावा."

मीही उठलो, तर एजंटानं खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तिकडं तुमचं काय काम? तुमी काकूंचा चा घ्या."