बुरशी मॅडमचं शेत

बुरशी मॅडम रस्त्यातल्या झाडालासुद्धा आधी नाक लावायच्या. राजारामपुरीत भर गर्दीत स्कूटर लावून त्या आंब्याच्या खोडाशी वाकल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा एका रिक्षावाल्यानं विचारलंच, "काय हरवलंय काय, बाई?" "न्हाय ओ, गावलंय," म्हणत त्यांनी त्याला सालीतल्या बारीक भोकातून शेवयांसारखा बाहेर आलेला भुसा दाखवला. तो बिचारा पॅसेंजर सोडून ऐकत उभा राहिला.

मॅडम आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. वर्गात भाषा पुस्तकी. प्रयोगशाळेत शिरल्या की शेतकऱ्याची लेक. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा भुंगेऱ्यांवर त्यांचा जीव. "ही लाकूड खात न्हाईत गं. लाकडात बोगदा पाडायचा आन् आत बुरशी पेरायची. तीच खायाची, तीच पोरांना घालायची. माझ्या बानं ऊस केला, ही बुरशी करत्यात." मादी नवं घर करायला निघते तेव्हा अंगातल्या इवल्याशा पिशवीत बुरशीचं बियाणं घेऊन निघते, हे सांगताना तर लेकीची पाठवणी केल्यासारखे त्यांचे डोळे भरायचे.

त्यांना एकच गोष्ट शोधायची होती: आई मेल्यावर शेत कोण राखतं? लेकी तण, म्हणजे शेतात उगवलेली नको ती बुरशी, काढत राहतात, की उडून जातात? त्यासाठी फणसाच्या ओंडक्यांना एका बाजूनं काच बसवून त्यांनी भुंगेरे पाळले होते. तीन वर्षांच्या नोंदी हव्या होत्या. अडीच झाल्या होत्या, आणि निवृत्तीला सहाच महिने उरले होते.

चैत्रात मॅडम यात्रेसाठी जोतिबाला बहिणीकडे गेल्या आणि ओंडके माझ्या ताब्यात आले. दुसऱ्याच दिवशी भोकांच्या तोंडाशी काळपट बुरशी दिसली. आतली बुरशी हवी असते हे मला तोंडपाठ होतं, पण ही बाहेरची मला काही बरी वाटेना. आमच्या घरी चैत्रात आई डाळी-कडधान्यांना गच्चीवर ऊन दाखवते. मीही ओंडक्यांना दाखवलं, चांगलं दोन दिवस. ऊन दाखवलं की डाळीतले किडे मरतात, हे त्या वेळी कसं आठवलं नाही, देव जाणे!

मॅडम आल्या तेव्हा मी आपणहून सांगितलं. त्यांनी भिंग घेऊन एकेक काच पाहिली. शेत वाळून त्याची भुकटी झाली होती. "लाकडात राहून उपाशी मेली गं पोरं," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग वही माझ्यापुढे सरकवली. "लिव. किती वाजता ठेवलंस, किती वाजता काढलंस. काय लपवू नगंस." मी लिहिलं, खाली माझं नाव घातलं. त्यांनी ते खोडून स्वतःचं लिहिलं. "राखण माझी हुती," म्हणाल्या. त्यानंतर आम्ही खूप हिंडलो, पण त्या जातीचे भुंगेरे मिळाले नाहीत. मॅडम तशाच निवृत्त झाल्या.

चार वर्षांनी, मी त्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर, मला एका पडलेल्या फणसात ते भुंगेरे सापडले. फांदी घेऊन तडक शिवाजी पेठेत मॅडमच्या घरी गेले. त्यांची नजर तोवर गेली होती. "तू बघ, मी ऐकते," म्हणाल्या. मी फांदी चिरली, भिंग लावलं आणि सांगत गेले: पांढरी बुरशी, अळ्या, मध्ये मोठी मादी.

"जित्ती हाय?"

"हाय, मॅडम."

"मग राख. पहिल्यापासनं मोज."

मी फांदीला काच बसवून ती प्रयोगशाळेत ठेवली आणि वर्षभर दर रविवारी त्यांना नोंदी वाचून दाखवल्या. एखादी तारीख चुकली की लगेच टोकायच्या. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, मॅडम गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी कुठं जावं ते सुचेना, म्हणून प्रयोगशाळेत गेले. काचेतून पाहिलं. आई बोगद्याच्या तोंडाशी मरून पडली होती. आत लेकी तण काढत होत्या. हे ज्यांना सांगायचं त्याच नव्हत्या. मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसले, घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली.