नुसतं कुरकुरतंय

चांगलं तळलेलं चिकन कुठे मिळतं, हे खालापुरात सगळे माझ्या शेजारच्या कारकुनालाच विचारायचे. मागे मोठा ताप आला, त्यात त्याची चव गेली ती परत आलीच नाही. तरी दर रविवारी तो मला स्कूटरवर घालून कर्जतपर्यंतची हॉटेलं पालथी घालायचा. तुकडा मोडून आधी नाकाशी धरायचा, मग हळूहळू चावायचा.

परवा पळसदरीला त्याने विचारलं, "कसं हाय रं?"

"झकास. लसूण आहे, मिरीचा ठसका आहे."

डोळे मिटून तो बराच वेळ चावत राहिला. "नुसतं कुरकुरतंय," म्हणाला आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. "तू खा."

मी प्लेट तशीच ठेवून उठलो.

परतताना एका नव्या हॉटेलाची पाटी दिसली. तिकडे न बघता त्याने स्कूटरचा वेग वाढवला.